बदललेल्या प्रोग्रामचा ताळा

2009 च्या जुलैत लिनक्स कर्नेलच्या 2.6.30 या आवृत्तीत सुरक्षेचं एक भगदाड सापडलं. नेटवर्कच्या ‘टन’ नावाच्या ड्रायव्हरमधल्या एका फंक्शनमध्ये सुरुवातीलाच एका पॉइंटरमधून किंमत वाचली होती, आणि तो पॉइंटर शून्य तर नाही ना, ही तपासणी त्याच्या खाली होती. क्रम उलटा लागला होता. ही चूक माणसाची. पुढचं काम जीसीसी कंपायलरने केलं. त्याचा तर्क असा: या पॉइंटरमधून आधीच वाचलेलं आहे, शून्य पॉइंटरमधून वाचणं सी भाषेत नियमबाह्य आहे, म्हणजे इथवर आलेला पॉइंटर शून्य असूच शकत नाही, मग खालची तपासणी कशाला? त्याने ती काढून टाकली. एरवी शून्य पत्त्यावरून वाचताना कर्नेल तिथेच अडला असता. पण हल्लेखोराला मेमरीच्या शून्य क्रमांकाच्या पानावर स्वतःचा मजकूर बसवता येत होता. त्यामुळे वाचन बिनबोभाट पार पडलं, आणि पुढे अडवायला तपासणी उरलेलीच नव्हती.

सी भाषेच्या नियमांत पाहिलं तर जीसीसीने काही गैर केलं नाही. कर्नेल लिहिणाऱ्यांच्या दृष्टीने मात्र प्रोग्रामचा अर्थच बदलला. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर असल्या तरी वाद एका विधानापाशी येऊन थांबतो: ‘या जागी पॉइंटर शून्य नाही.’ हे विधान विश्लेषणाने पुरवलं आणि बदल त्याच्या भरवशावर केला. प्रोग्राममधल्या बदलांची पडताळणी हा विषय मला या नजरेतूनच समजतो. कंपायलर प्रोग्रामवर बदलांचे अनेक हात फिरवतो. काही बदल निव्वळ भाषांतराचे असतात, पण वेगासाठी केलेला जवळजवळ प्रत्येक बदल प्रोग्रामबद्दलच्या कुठल्या तरी माहितीवर उभा असतो. ती माहिती खरी आहे का, तिच्यावरून केलेला बदल योग्य आहे का, आणि ‘योग्य’ म्हणताना आपण नक्की कशाची हमी देतो, हे तीन प्रश्न एकत्र सोडवावे लागतात. गेल्या पन्नासएक वर्षांतलं या क्षेत्रातलं उत्तम काम ते एकत्र सोडवण्याचंच आहे, असं माझं मत आहे.

आरंभ साधा होता. 1967 मध्ये जॉन मॅकार्थी आणि जेम्स पेंटर यांनी अंकगणिती पदावल्यांचं एका छोट्या काल्पनिक यंत्राच्या सूचनांमध्ये भाषांतर करणाऱ्या कंपायलरची सिद्धता कागदावर लिहिली. 1972 मध्ये रॉबिन मिल्नर आणि रिचर्ड वेराउख यांनी तशाच प्रकारची सिद्धता संगणकाच्या मदतीने तपासून घेतली. या दोन्ही ठिकाणी वेगासाठी केलेला बदल नव्हता, त्यामुळे विश्लेषणाचाही प्रश्न नव्हता. तो 1973 मध्ये गॅरी किल्डॉल यांच्या निबंधाने पुढे आणला. प्रोग्रामच्या प्रत्येक टप्प्यावर काय काय खरं आहे, याची माहिती जालकासारख्या गणिती रचनेत मांडायची आणि ती स्थिर होईपर्यंत प्रोग्रामभर फिरवत राहायची, ही त्यांची पद्धत आजच्या कंपायलरांतही टिकून आहे. याच किल्डॉल यांनी पुढे सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली.

किल्डॉल यांची पद्धत चालत होती, पण ती बरोबर का चालते हे प्रत्येक विश्लेषणासाठी वेगळं दाखवावं लागे. त्याला एक पाया दिला तो पॅट्रिक आणि राधिया कुझो या दांपत्याने, 1977 मध्ये. त्यांच्या अॅबस्ट्रॅक्ट इंटरप्रिटेशनची मूळ कल्पना अशी: प्रोग्राम खऱ्या किमतींवर चालवण्याऐवजी किमतींच्या गटांवर चालवायचा. ‘37’ ऐवजी ‘धन’, किंवा ‘0 ते 99 मधलं काहीतरी’. हेन्री राइस यांच्या 1953 च्या प्रमेयामुळे हे पक्कं ठाऊक आहे की प्रोग्रामच्या वर्तनाबद्दलच्या कुठल्याही अर्थपूर्ण प्रश्नाचं अचूक उत्तर सगळ्याच प्रोग्रामांसाठी देणारी यांत्रिक पद्धत असू शकत नाही. म्हणून इथे अचूकतेचा आग्रह सोडला जातो, पण एकाच दिशेने. विश्लेषण ‘माहीत नाही’ असं कितीही वेळा म्हणू शकतं; ‘असं कधीच होणार नाही’ असं त्याने म्हटलं, की ते खरंच व्हायला नको. गटांवरची प्रत्येक क्रिया खऱ्या क्रियेला पूर्णपणे व्यापते, एवढं दाखवलं की ही हमी मिळते.

एक उदाहरण जवळून पाहू. शंभर खणांचा एक अॅरे आहे. ‘आय’ शून्यापासून सुरू होतो आणि शंभरपेक्षा लहान असेपर्यंत एकेकाने वाढतो. प्रत्येक फेरीत त्या क्रमांकाचा खण वाचला जातो. सुरक्षित भाषा प्रत्येक वाचनाआधी क्रमांक हद्दीत आहे का हे तपासते. ही तपासणी काढता येईल का? विश्लेषण पहिल्या फेरीत ‘आय’ला 0 ते 0 हा अंतराल देतं, दुसरीत 0 ते 1, तिसरीत 0 ते 2. असं पायरीपायरीने जात राहिलं तर मोठ्या लूपमध्ये विश्लेषणच फार रेंगाळेल, आणि मर्यादा आधी ठाऊक नसेल तर ते संपेलच याची खात्री नाही. म्हणून वरची हद्द वाढतेय असं दिसताच ती थेट अनंतापर्यंत ढकलली जाते. याला वायडनिंग म्हणतात. मग मागे येऊन लूपची अट लावली, की आतमध्ये अंतराल 0 ते 99 असा आवळला जातो. आता तपासणी काढायला हरकत नाही. तपासणी काढणं हे एका ओळीचं काम आहे. ती काढण्याचा हक्क मात्र या आधीच्या हिशेबातून येतो. त्या हिशेबात एकाचाही फरक पडला, तर प्रोग्राम दुसऱ्याच्या मेमरीत हात घालेल.

अशा विश्लेषणाची ताकद उड्डाणाच्या क्षेत्रात दिसली. 1996 च्या 4 जूनला एरियान 5 या रॉकेटचं पहिलं उड्डाण 64 बिटांची फ्लोटिंग पॉइंट संख्या 16 बिटांच्या पूर्णांकात न मावल्याने फसलं होतं. त्यानंतर युरोपात अशा चुका आधीच पकडण्याच्या साधनांवर जोमाने काम झालं. कुझो यांच्या गटाने बांधलेल्या आस्त्रे या साधनाने 2003 च्या नोव्हेंबरमध्ये एअरबस ए340 च्या उड्डाण-नियंत्रणाच्या मुख्य सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे सी भाषेतल्या 1,32,000 ओळींत, चालताना होणारी चूक नाही, हे एकही खोटा इशारा न देता सिद्ध केलं.

पण ही हमी सी भाषेतल्या मजकुराची आहे. विमानात चालतो तो कंपायलरने बदललेला कोड. मधल्या एखाद्या बदलाने घोळ केला, तर वरची सिद्धता कागदावरच राहते. म्हणून विश्लेषण कितीही उत्तम असलं, तरी बदलांची पडताळणी हा त्याचाच पुढचा भाग ठरतो.

इथे टाइप उपयोगी पडतात. टाइप म्हणजे फक्त ‘पूर्णांक’ आणि ‘अक्षरमाला’ अशी वर्गवारी नव्हे. किमतीबद्दलचं कुठलंही विधान टाइपचं रूप घेऊ शकतं, आणि टाइपांचे नियम वाक्यरचनेला धरून चालतात, त्यामुळे ते तपासायला सोपे असतात. 1997 मध्ये पॅट्रिक कुझो यांनी दाखवलं की टाइप-व्यवस्थांकडे अॅबस्ट्रॅक्ट इंटरप्रिटेशनचीच रूपं म्हणून पाहता येतं. विश्लेषण उत्तर शोधतं. टाइपचे नियम तेच उत्तर तपासता येईल अशा पुराव्याच्या रूपात मांडतात. या जोडीचं सर्वांत देखणं उदाहरण मला निक बेंटन यांच्या 2004 च्या कामात दिसतं. ते उलगडून पाहण्यासारखं आहे.

समजा प्रोग्राम असा आहे: क्ष मध्ये 4 ठेवा. मग एका अटीनुसार एका फाट्यावर य मध्ये क्ष + 1 ठेवा, दुसऱ्या फाट्यावर य मध्ये 5 ठेवा. नंतर झ मध्ये य ची दुप्पट ठेवा. शेवटी झ छापा. दोन्ही फाट्यांवर य ला 5 मिळतात हे विश्लेषणाला कळतं, म्हणून झ नेहमी 10. चांगला कंपायलर एवढंच ठेवेल: झ मध्ये 10 ठेवा आणि छापा. आता मूळ प्रोग्राम आणि हा नवा प्रोग्राम ‘सारखे’ आहेत का? क्ष आणि य पाहिले तर नाहीत. मूळ प्रोग्राममध्ये ते 4 आणि 5 आहेत, नव्यात त्यांत जुनं काहीही पडून असेल.

बेंटन यांनी प्रत्येक व्हेरिएबलचा टाइप म्हणजे दोन प्रोग्रामांमधला संबंध मानला. एक टाइप सांगतो, ‘दोन्हींत ही ठरावीक किंमत आहे’. दुसरा सांगतो, ‘किंमत कुठली ते माहीत नाही, पण दोन्हींत तीच आहे’. तिसरा सांगतो, ‘दोन्हींत काहीही असू दे, पुढे कोणाला लागणार नाही’. पहिल्यातून स्थिर किमती पुढे नेण्याचा बदल सिद्ध होतो, तिसऱ्यातून निरुपयोगी कोड काढण्याचा. शेवटी झ ला दुसरा टाइप आणि क्ष, य यांना तिसरा टाइप मिळाला, तर सिद्धता पूर्ण झाली. पुढे पाहणारं विश्लेषण (स्थिर किमतींचं) आणि मागे पाहणारं विश्लेषण (कुठली किंमत पुढे लागणार आहे याचं) एकाच चौकटीत बसतं, आणि दोन्हींची योग्यता एकाच प्रमेयातून मिळते. फाट्याची अट काढतानाही हीच काटेकोरी लागते: ती अट तपासताना प्रोग्राम अडकू शकत असेल किंवा शून्याने भागाकार होत असेल, तर ती निमूट काढता येत नाही. पाठ्यपुस्तकात हा मुद्दा एका तळटीपेत जातो. सिद्धता लिहायला बसलं की तो टाळताच येत नाही.

एस्टोनियातल्या आंदो साबास आणि तार्मो उस्तालू यांनी ही वाट पुढे नेली. त्यांच्या मांडणीत विश्लेषणाचा निकाल म्हणजे प्रोग्रामला दिलेला टाइप, आणि त्या टाइपची सिद्धता हीच बदलाची कृती. सिद्धतेच्या प्रत्येक पायरीपाशी नवा कोड काय असावा हे लिहिलेलंच असतं. वर, मूळ प्रोग्रामबद्दल कोणी होअर तर्कशास्त्रात, म्हणजे प्रोग्रामबद्दलची विधानं सिद्ध करण्याच्या नियमांत, एखादी सिद्धता केलेली असेल, तर तीही याच टाइपच्या आधाराने नव्या प्रोग्रामच्या सिद्धतेत बदलता येते.

ही शेवटची गोष्ट ऐकायला सहज वाटते, पण तिच्यामागे खरी अडचण आहे. 1997 मध्ये जॉर्ज नेक्युला यांनी सुचवलं की कोडसोबत त्याच्या सुरक्षिततेची सिद्धताही पाठवावी, म्हणजे घेणाऱ्याला पाठवणाऱ्यावर विश्वास ठेवायची गरज उरणार नाही. फक्त सिद्धता तपासायची. 1998 मध्ये ग्रेग मॉरिसेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाइप असलेली असेंब्ली भाषा मांडली, त्यात टाइप कंपायलरच्या वरच्या पायरीपासून तळापर्यंत सोबत उतरतात. पण टाइप-सुरक्षितता ही मर्यादित हमी आहे. प्रोग्रामबद्दलची सखोल सिद्धता मूळ भाषेत केली आणि मग कंपायलरने वेगासाठी कोड बदलला, तर ती सिद्धता मोडू शकते. तिच्यात ज्या य चा उल्लेख आहे तो य निरुपयोगी ठरून गेलेलाच असतो. किंवा क्ष + 1 च्या जागी 5 आलेले असतात आणि 5 का, हे सिद्धतेत कुठेच लिहिलेलं नसतं. जिल बार्थ, सेझार कुंझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 पासून यावर काम केलं. त्यांचं उत्तर असं: विश्लेषणानेही आपल्या निकालाची सिद्धता द्यावी, ती मूळ सिद्धतेत विणावी, आणि मग दोन्ही मिळून बदललेल्या कोडची सिद्धता तयार करावी. 2008 मध्ये हीच रचना अॅबस्ट्रॅक्ट इंटरप्रिटेशनच्या सर्वसाधारण भाषेत मांडली गेली. या सगळ्या साहित्यात मला हा विचार सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात विश्लेषण आणि बदल यांच्यामधली जोडरेषा उघडी ठेवलेली नाही.

कुझो दांपत्याने 2002 मध्ये याहून वरच्या पातळीवरून पाहिलं. मजकुरावरचा बदल हा अर्थावरच्या बदलाचं अमूर्त रूप आहे, असं त्यांनी मांडलं. आधी अर्थाच्या पातळीवर काय करायचं ते ठरवा, मग अमूर्तनाच्या नियमांनी मजकुरावरची कृती काढा. सिद्धता नंतर चिकटवायची गरज पडत नाही. ती रचनेतूनच येते. स्थिर किमतींचं प्रसारण आणि अंशतः आधीच केलेली गणना अशा ओळखीच्या बदलांवर त्यांनी ते करून दाखवलं. तत्त्व म्हणून हे फार सुंदर आहे. रोजच्या वापरातल्या मोठ्या कंपायलरांत मात्र ही पद्धत उतरलेली दिसत नाही.

प्रत्यक्षात दोन वाटा चालल्या. पहिली: कंपायलर एकदाच सिद्ध करायचा. फ्रान्समध्ये झेव्हियर लरुआ यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला कॉम्पसर्ट हा सी भाषेचा कंपायलर कॉक या सिद्धता-साधनात सिद्ध केलेला आहे, आणि त्याची मुख्य प्रमेयं 2006 पासून प्रसिद्ध होत गेली. त्याच्या विश्लेषणांत किल्डॉल यांचीच पद्धत आहे, या वेळी सिद्धतेसकट. 2011 मध्ये युटा विद्यापीठातल्या गटाने सीस्मिथ या साधनाने यादृच्छिक प्रोग्राम बनवून अनेक कंपायलरांची परीक्षा घेतली. सगळ्यांत मिळून 325 हून अधिक चुका त्यांनी नोंदवल्या. कॉम्पसर्टच्या मधल्या, सिद्ध झालेल्या भागात मात्र, सहा सीपीयू-वर्षं घालूनही, इतर कंपायलरांत सापडलेल्या प्रकारची चूक सापडली नाही. ज्या चुका सापडल्या त्या सिद्ध न झालेल्या भागातल्या होत्या. सिद्धतेचा उपयोग काय, असं विचारणाऱ्याला यापेक्षा चोख उत्तर देता येणार नाही. 2015 मध्ये याच परिवारातलं वेरास्को हे विश्लेषक आलं: अॅबस्ट्रॅक्ट इंटरप्रिटेशन करणारं साधनच कॉकमध्ये सिद्ध केलेलं आणि कॉम्पसर्टला जोडलेलं.

दुसरी वाट म्हणजे कंपायलरवर विश्वास न ठेवता त्याच्या प्रत्येक उत्तराचा ताळा करायचा, जसा शाळेत भागाकाराचा ताळा गुणाकाराने करतात. 1998 मध्ये अमीर प्नुएली, मायकेल सीगल आणि एली सिंगरमन यांनी याला ट्रान्सलेशन व्हॅलिडेशन हे नाव दिलं. 2000 मध्ये नेक्युला यांनी जीसीसीसारख्या खऱ्या कंपायलरवर ते करून दाखवलं. या वाटेची खुबी म्हणजे बदलाची युक्ती कितीही गुंतागुंतीची असली तरी तपासणारा भाग छोटा राहू शकतो. गंमत म्हणजे कॉम्पसर्टनेही रजिस्टर वाटपासारख्या कठीण ठिकाणी हीच वाट धरली: शोधणारा भाग असिद्ध, पण ताळा करणारा सिद्ध.

मुंबईचा या विषयाशी थेट संबंध आहे. आयआयटी मुंबईत आदित्य कानडे, अमिताभ सान्याल आणि उदय खेडकर यांनी 2006 मध्ये पीव्हीएस या सिद्धता-साधनात अशी चौकट उभारली, की त्यात बदल काही मूलभूत क्रियांतून बांधायचे, प्रत्येक क्रियेची योग्यता आधीच सिद्ध करून ठेवायची, आणि त्यातून कंपायलरच्या बदलांचा ताळा घ्यायचा. खेडकर आणि सान्याल यांनी बागेश्री करकरे यांच्यासोबत लिहिलेलं डेटा फ्लो अॅनालिसिसवरचं 2009 चं पुस्तक विश्लेषण शिकणाऱ्याने हाताशी ठेवावं असं आहे. पुण्यात टीसीएसच्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्रातून निघालेलं व्हेरिअॅब्स हे साधन लूपचं अमूर्त रूप बनवून प्रोग्राम तपासतं. म्हणजे तिथे पडताळणीसाठीच प्रोग्राममध्ये बदल केला जातो, आणि हा बदलही मूळ वर्तनाला व्यापणारा आहे ना, हा प्रश्न पुन्हा तोच.

एलएलव्हीएम या कंपायलरच्या दुनियेत 2015 मध्ये नूनो लोपेस, डेव्हिड मेनेंडेझ, संतोष नागरकट्टे आणि जॉन रेगर यांनी अलाइव्ह आणलं. छोट्या छोट्या सूचना-बदलांचे 334 नियम त्यांनी आपल्या भाषेत लिहून तपासले. आठ चुकीचे निघाले. ते ज्या भागातले होते, तो भाग मोठ्या संख्येने प्रोग्रामर रोज वापरतात. अशा चुका कुठे दडतात, याचं एक सोपं चित्र: ‘क्ष ला दोनाने गुणून दोनाने भागा’ याऐवजी नुसता ‘क्ष’ लिहिणं. 32 बिटांत क्ष 1,07,37,41,824 असेल आणि ओव्हरफ्लो गुंडाळून घेण्याचा नियम असेल, तर गुणाकार ऋण होतो आणि उत्तर चुकतं. क्ष 0 ते 100 मध्येच असतो, असं विश्लेषणाने सिद्ध केलं असेल तर तोच बदल बिनधोक. नियम एकच, पण तो योग्य की अयोग्य हे माहितीवर ठरतं.

विश्लेषण स्वतःच चुकलं तर काय होतं, हे लिनक्समधल्या ईबीपीएफने दाखवलं. बाहेरून आलेला छोटा प्रोग्राम कर्नेलमध्ये चालू देण्याआधी कर्नेलमधला व्हेरिफायर प्रत्येक रजिस्टरमधल्या किमतींची मर्यादा काढतो, शिवाय प्रत्येक बिट 0 आहे, 1 आहे की अज्ञात, याची नोंद ठेवतो. हे सरळसरळ अॅबस्ट्रॅक्ट इंटरप्रिटेशन आहे. 2020 मध्ये उघड झालेल्या एका चुकीत 32 बिटांच्या क्रियांनंतर मर्यादा नीट आवळल्या जात नव्हत्या, आणि तेवढ्यावरून साध्या वापरकर्त्याला कर्नेलच्या मेमरीत शिरता येत होतं. रट्गर्स विद्यापीठातल्या गटाने 2022 मध्ये या तीन-स्थितींच्या संख्यांची बेरीज खरंच योग्य असल्याची सिद्धता दिली आणि गुणाकाराची अधिक अचूक, अधिक वेगवान रीत सुचवली; ती कर्नेलमध्ये घेतली गेली. विद्यापीठातलं प्रमेय जगभरच्या सर्व्हरांमध्ये पोहोचल्याचं हे उदाहरण मला फार आनंद देतं.

अजून न सुटलेली गाठ ‘सारखे’ या कल्पनेपाशीच आहे. पासवर्ड वापरून झाल्यावर प्रोग्रामर ती मेमरी शून्यांनी पुसतो. ती नंतर कोणी वाचत नाही, म्हणून कंपायलर पुसण्याचं काम निरुपयोगी ठरवून काढतो. वरच्या टाइपांनुसार हा बदल निर्दोष आहे. पासवर्ड मात्र मेमरीत राहतो. सी भाषेच्या ताज्या मानकात यासाठी न काढता येणारं वेगळं फंक्शन घालावं लागलं. गुप्त किल्लीनुसार चालण्याचा वेळ बदलू नये, हीसुद्धा अशीच हमी. 2020 मध्ये कॉम्पसर्टमध्ये फेरफार करून ती टिकवणारा कंपायलर सिद्ध करण्यात आला. अनेक धागे एकत्र चालणाऱ्या प्रोग्रामांत तर एकट्या धाग्यासाठी योग्य ठरलेले बदल सी भाषेच्या 2011 च्या मेमरी नियमांखाली अयोग्य ठरतात, हे 2015 मध्ये दाखवलं गेलं. ‘उत्तर सारखं’ एवढ्यावर भागत नाही. कोणत्या निरीक्षकासाठी सारखं, हे संबंधातच लिहावं लागतं. टाइपांच्या पद्धतीत तो संबंध उघडपणे लिहावा लागतो, आणि म्हणून पुढची वाटचाल तिच्या आधाराने होईल असं मला वाटतं.

आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत कंपायलर शिकवणाऱ्यांना एक विनंती. पार्सिंगच्या तक्त्यांना दिलेल्या तासांमधले दोन तास काढा, क्ष, य, झ चा वरचा प्रोग्राम फळ्यावर लिहा, आणि विद्यार्थ्यांकडून त्याची तीन टाइपांची सिद्धता करून घ्या. त्यासाठी कुठलंही साधन विकत घ्यावं लागत नाही, आणि कंपायलर कोणत्या माहितीच्या भरवशावर आपला कोड बदलतो, हे त्या दोन तासांत विद्यार्थ्याला पक्कं कळतं.